बाई कुठे गेल्या?

"मॅडम, त्याला सांगू की नको? आणि सांगितलं तरी त्याला काय कळणार?"

विशेष मुलांच्या आई-वडिलांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कधी आजी गेलेली असते, कधी शेजारचे काका. या वेळी त्याच्या शाळेतल्या बाई गेल्या होत्या.

मुलगा १७ वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. घरच्या हाकेनं त्याला इथे दादू म्हणते. ओळख पटेल असं बाकी सगळं बदललं आहे आणि लिहायला त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तीन आठवड्यांनी त्या माझ्याकडे आल्या. दादू पुन्हा अंथरूण ओलं करत होता. शाळेतून डबा न उघडता परत आणत होता. शर्टाची बटणं ओढून तोडत होता. शाळेत गेला की वर्गात जायचा नाही, फाटकाजवळच्या पायरीवर बसून राहायचा. डॉक्टरांनी थायरॉईड, साखर, लघवी, सगळं तपासलं होतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉईडचा त्रास बऱ्याचदा होतो. त्यामुळे वागणं अचानक बदललं की आधी रक्त, कान, दात, झोप बघून घ्यावं, आणि ते त्यांनी केलं होतं. काही निघालं नव्हतं.

पहिला तास मी घराबद्दल विचारण्यात घालवला. घरात कोणी गेलं का, भांडण झालं का, घर बदललं का? उत्तर प्रत्येक वेळी नाही. उठून दारापाशी गेल्यावर त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्याच्या बाई वारल्या दिवाळीत. झोपेतच, हार्ट अटॅकनं. पण ते त्याला माहीत नाही. गावाला गेल्यात असं सांगितलंय. शाळेतही तेच सांगतात सगळ्यांना."

मी त्यांना परत बसवलं. शाळेबद्दल मी आधी विचारायला हवं होतं. दिवसाचे सहा तास, नऊ वर्षं हा मुलगा ज्या बाईंजवळ होता, त्या बाई माझ्या प्रश्नांत कुठेच नव्हत्या.

गावाला गेलेलं माणूस परत येतं. दादू फाटकापाशी बसून तेच करत होता, वाट बघत होता. त्याला जे सांगितलं होतं ते त्याला नीट कळलं होतं.

ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आई किंवा वडील गमावलेल्या ५० बौद्धिक अक्षम प्रौढांचा. त्यांच्या वागण्यात आणि मनःस्थितीत खूप उलथापालथ झालेली आढळली, पण सांभाळणाऱ्यांनी तिचा संबंध त्या मृत्यूशी जोडलाच नव्हता. त्या खुर्चीत मीही तासभर तेच केलं होतं. ज्याला शब्द नाहीत त्याचं दुःख अंथरुणात, डब्यात, बटणात उतरतं, आणि आपण त्याला 'बिघडलाय' म्हणतो.

मग मी म्हटलं, "ताई, मला बाईंबद्दल सांगा." पुढचा पाऊण तास त्या बोलत होत्या आणि रडत होत्या. इतक्या दिवसांत त्यांनाही कोणी हे विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळात बाईंनी या कामाला सुरुवात केली. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा होती, पुण्यात १९६४ पासून सिंधुताई जोशींची कामायनी, नाशकात १९७७ पासून रजनीताई लिमयांचं प्रबोधिनी विद्यामंदिर. रजनीताईंनाही हे काम दिसलं ते स्वतःच्या मुलामुळे. दादूच्या बाईंच्या घरात असं मूल नव्हतं. शेजारच्या वाड्यात एक मुलगी दिवसभर खांबाला बांधलेली असायची, कारण आई धुण्याभांड्याला जायची. लग्नाआधी बाई तिच्याशी खेळायला जायच्या. एवढंच कारण त्या सांगायच्या.

दादू आठ वर्षांचा असताना त्यांच्याकडे आला. दोन सामान्य शाळांनी त्याला घरी पाठवलं होतं. पहिल्या दिवशी आईनं यादी वाचली: बोलत नाही, लिहीत नाही, एका जागी बसत नाही. बाईंनी यादी बाजूला ठेवून विचारलं, "शर्ट कोण घालतं त्याला?"

बटण लावायला त्यांनी कसं शिकवलं, हे आईनं मला स्वतःच्या पदराची घडी करून दाखवलं. मांडीवर जाड कापडाची पट्टी, तिला कोटाची मोठी बटणं. बटण काजात घालणं, पलीकडून पकडणं, हे सगळं बाई करायच्या. तीन चतुर्थांश बटण बाहेर आलं की थांबायच्या आणि म्हणायच्या, "ओढ राजा." दादूनं फक्त ओढायचं. निघालं की बाई मोठ्यानं, "झालं!" कित्येक आठवडे फक्त ओढणं. मग अर्धं बाहेर आलेलं बटण, मग काजाच्या तोंडाशी ठेवलेलं. शेवटची पायरी आधी शिकवायची ही पद्धत विशेष शिक्षणात सगळीकडे वापरतात. तिचा फायदा असा की रोजचा प्रयत्न मुलाच्या हातून पूर्ण होतो. अर्ध्यावर सोडून दिल्याची सवयच लागत नाही. शर्टावर आले तेव्हा खालच्या बटणापासून सुरुवात, कारण मान खाली घातली की ते दिसतं. एका शर्टाला दीड वर्ष लागलं. 'झालं' हा दादूचा पहिला स्पष्ट शब्द.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. वर्गात प्रत्येक मुलाची चित्रांची पट्टी असते. गाडी, प्रार्थना, बाई, डबा, काम, घर. एक गोष्ट झाली की मूल ते कार्ड काढून खालच्या 'झालं'च्या डब्यात टाकतं. दादूच्या पट्टीवर बाईंच्या फोटोवर नव्या बाईंचा फोटो चिकटवला होता. त्याचा एक कोपरा नखानं खरवडून निघाला होता आणि खालून जुन्या बाईंच्या साडीचा काठ दिसत होता.

सगळ्यांचा हेतू चांगला होता. मुलं घाबरतील म्हणून बाईंच्या फोटोला हारसुद्धा घातलेला नव्हता. मी तो घालायची विनंती केली. आपल्याकडच्या मुलांनी घराघरांत, दुकानांत हार घातलेले फोटो पाहिलेले असतात. मृत्यूचं इतकं स्पष्ट चित्र मला काढता आलं नसतं. फोटो मुलांच्या उंचीवर ठेवायचा, प्रत्येकानं फूल ठेवायचं आणि सगळ्या मोठ्यांनी एकच वाक्य वापरायचं, असं ठरलं.

घरी सांगायचं काम आईनं करायचं होतं, मी शेजारी बसणार होते. रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना. रात्री झोपायच्या वेळी नाही. शब्द आधी ठरवून घेतले. 'देवाघरी गेल्या' नाही, कारण मग मुलं त्या घरी न्या म्हणतात. 'झोपल्या' तर मुळीच नाही. बाई झोपेत गेल्या होत्या, आणि ते ऐकून झोपायला घाबरणारं मूल मी पाहिलं आहे. नुसतं 'आजारी होत्या' म्हटलं की पुढच्या सर्दीला तो धास्तावणार.

"दादू, बाई मेल्या. त्यांचं हृदय बंद पडलं. बाई आता परत येणार नाहीत."

'मेल्या' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. बाईंसाठी तो उच्चारणं त्यांना पाप वाटत होतं. शेवटी आम्ही 'वारल्या' घेतला, कारण आजोबांच्या वेळी दादूनं तो ऐकला होता. शब्द कोणता यापेक्षा तो दर वेळी तोच असणं महत्त्वाचं.

दादू ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही दिसेना. मी त्याचा तळहात त्याच्याच छातीवर ठेवला. धकधक. "हे चालू आहे. बाईंचं थांबलं." तो बराच वेळ हात धरून बसला. मग तोच हात उचलून त्यानं आईच्या छातीवर ठेवला.

"आई?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन आठवडे त्या कशाला घाबरत होत्या, ते मला तेव्हा समजलं. बाई मरतात हे त्याला कळलं, तर आईही मरते हे कळणार. आणि माझ्यानंतर याचं काय, हा प्रश्न या घरांत रात्री दिवा मालवल्यावर रोज येतो. बाईंचं जाणं लपवताना त्या स्वतःचं जाणं लपवत होत्या.

अशा वेळी 'मी कुठ्ठे जाणार नाही' असं वचन तोंडावर येतं. देऊ नका. मी हळूच म्हटलं, "खरं तेच सांगा." त्या म्हणाल्या, "माझं चालू आहे. मी इथे आहे. मामा आहे. ताई आहे." मोठी बहीण दारातच उभी होती, ती येऊन बसली. दादूनं तिचीही छाती तपासली. मग तो रडला. आईला विचारायचं होतं की त्याच्यासमोर आपण रडलं तर चालेल का, पण त्या आधीच रडत होत्या, आणि ते चांगलंच झालं. मोठी माणसं कोरडी राहिली तर हे दुःख आहे हे त्याला कुणाकडून कळणार?

शाळेत त्यानं शेवंतीचं फूल ठेवलं. पट्टीवरचं बाईंचं कार्ड त्याच्याच हातानं सोडवलं, नव्या बाईंच्या कार्डाला वेगळी जागा दिली. जुनं कार्ड 'झालं'च्या डब्यात टाकायला त्यानं नकार दिला. कोणी आग्रह केला नाही. ते फोटोशेजारी लावलं.

अंथरूण महिन्याभरात थांबलं. बटणं संक्रांतीपर्यंत तुटत राहिली. अजूनही गुरुवारी तो "बाई?" विचारतो, कारण गुरुवारी त्या सगळ्यांसाठी चिक्की आणायच्या. आई दर वेळी तेच उत्तर देते. तो विसरतो म्हणून विचारतो असं मला वाटत नाही. आपणही गेलेल्या माणसाचं नाव पुन्हा पुन्हा काढतोच.

बाईंच्या कपाटात शाळेला एक वही सापडली. १८ पूर्ण होत आलेल्या मुलांची नावं, आणि पुढे 'पालकत्वाचा अर्ज भरला का?' अठरा झालं की मूल कायद्यानं सज्ञान होतं. मग बौद्धिक अक्षम मुलाचेसुद्धा आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. 'माझ्यानंतर कोण' या प्रश्नाचा निदान एक कागद त्यातून होतो. बाई दोन वर्षं मागे लागल्या होत्या. दादूच्या नावापुढे प्रश्नचिन्हच होतं. मामाला घरी बोलावून बोलणं झालं, आणि मेमध्ये दादूला अठरा पूर्ण झाल्यावर अर्ज भरला.

जिल्हाधिकारी कार्यालयात जायच्या सकाळी रिक्षा खाली थांबली होती. दादू नवा शर्ट घालून आरशासमोर उभा होता, खालच्या बटणापासून सुरुवात करून. ताईंनी मला फोनवर सांगितलं, "रिक्षावाला हॉर्न देत होता मॅडम, पण मी हात लावला नाही."

सात बटणं होती.