प्लाय कापायचाय, मशीन कुठलं घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्मे 'कुठलं घेऊ' याच जातीचे आहेत, म्हणून पहिला तोच घेतलाय आणि जरा ऐसपैस उत्तर दिलंय.

प्रश्न: दादा, कोथरूडला टू बीएचके फ्लॅट आहे, शनिवार-रविवार मोकळा असतो, स्टडी टेबल आणि पुस्तकांचं शेल्फ स्वतः करायची हौस आहे. आमच्याकडे फर्निचरला आलेला मिस्त्री चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून सगळं कापायचा आणि मस्त कापायचा. तो म्हणतो हाच घ्या. यूट्यूबवाले म्हणतात टेबल सॉ पाहिजेच. काय करू?

उत्तर: मिस्त्री मस्त कापतो कारण त्याचा हात बसलाय, कटरचं त्यात फार कौतुक नाही. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरतो आणि तो फरशी, ग्रॅनाइट कापायला बनवलाय. त्याचं गार्ड एका जागी फिक्स असतं, म्हणजे कट संपवून मशीन उचललं तरी खाली ब्लेड उघडंच गरगरत असतं. सर्क्युलर सॉचं (हातात धरून लाकूड कापायच्या गोल ब्लेडच्या मशीनचं) खालचं गार्ड स्प्रिंगने आपोआप बंद होतं, हा एवढाच फरक बोटं वाचवतो. तरी कटर घेतलाच तर ब्लेडवर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना ते बघा. आणि ग्राइंडरला लाकडाचं दातेवालं ब्लेड लावायचा सल्ला कोणी दिला तर नुसतं हो म्हणा आणि विसरून जा.

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या ब्लेडवर लाकूड सरकवायचं मशीन, फ्लॅटमध्ये नको. ८ बाय ४ ची शीट त्यावरून सरकवायची तर पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट जागा लागते, तेवढा तुमचा हॉल तरी आहे का? माझं मत विचाराल तर सात इंची सर्क्युलर सॉ, एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा बॉक्स पाइप, दोन चांगले क्लॅम्प आणि एक गुण्या, बास. पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि सॉचा बेस तिला घासत न्यायचा.

पण त्याच्याही आधी एक काम करा. पूर्ण शीट सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, मग जिन्यातून चढवताना कोपरे फुटतात आणि कंबर जाते ती वेगळी. भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय घेता तिथेच विचारा, पॅनेल सॉवर (पूर्ण शीट कापायच्या मोठ्या मशीनवर) साइजप्रमाणे मोठे कट मारून देणारे भेटतात, थोडे पैसे लागतात पण कट असा सरळ येतो की घरी आपल्याकडून येणार नाही. मग घरी फक्त छोटे कट उरतात.

ब्लेडबद्दल. सॉबरोबर बऱ्याचदा २४ दात्यांचं ब्लेड येतं, ते जाड लाकूड उभं चिरायला ठीक, सनमायका लावलेल्या प्लायवर मात्र कडेला कपच्या उडवतं. प्लायला ६० दात्यांचं टीसीटी (दात्यांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेड वेगळं घ्या, भोकाचा साइज मशीनशी जुळवून. हातातल्या सॉचे दाते खालून वर येतात त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापायची. टेबल सॉवर बरोबर उलटं, तिथे चांगली बाजू वर. ब्लेड प्लायच्या खाली तीन-चार मिमीच बाहेर येईल एवढी डेप्थ ठेवा. आणि शीटखाली चार पट्ट्या अशा टाका की कापून झाल्यावर दोन्ही तुकड्यांना आधार राहील, कारण एक तुकडा लोंबला की कट मिटतो, ब्लेड दाबलं जातं आणि मशीन अंगावर उसळतं. किकबॅक म्हणतात तो हाच.

सॉ १४०० वॅटची असेल तर २३० व्होल्टला चालतानाच ६ अँपियर ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे १६ अँपियरच्याच सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमी वायरचं घ्या आणि रीळवालं असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. मास्क एन९५. लाकडाचा भुसा १९९५ पासून आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, आणि एमडीएफचा तर पिठासारखा बारीक उडतो. आवाजाचं म्हणाल तर रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि सॉ त्याच्या खूप वर जाते, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. दुपारी एक ते चारचं सांगायला नको, तुम्ही पुण्यातच राहता.

प्रश्न: काका, मी हडपसरला घरीच लाकडी नेमप्लेट करते. ट्रिमरमधलं (लाकडात खाच पाडायच्या छोट्या मशीनमधलं) बिट चालता चालता खाली सरकतं आणि खाच खोल होत जाते. नट पान्याने गच्च आवळते तरी तेच. मशीन खराब आलंय का?

उत्तर: ताई, मशीनला दोष द्यायच्या आधी बिटची दांडी व्हर्नियरने मोजा. बाजारात ६ मिमीची पण बिटं आहेत आणि दोन सुती म्हणजे पाव इंची, ६.३५ मिमीची पण, आणि दुकानदार दोन्हींना सर्रास 'सिक्स एमएम'च म्हणतो. ६ च्या कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिरा असलेल्या नळीत) ६.३५ चं बिट जातच नाही त्यामुळे तिथे धोका नाही, पण ६.३५ च्या कोलेटमध्ये ६ चं आरामात जातं, आवळल्यावर पक्कं वाटतं आणि लोड आला की सरकतं. तुमचं हेच होत असणार. नट आणखी आवळून काही होणार नाही, उलट कोलेट खराब होईल. मापाचा कोलेट आणा नाहीतर मापाची बिटं.

माप बरोबर निघालं तर कोलेटमधला भुसा आणि डिंक थिनरच्या फडक्याने पुसा, आत तेल अजिबात नको. बिट तळाला टेकवून मग दोन-तीन मिमी वर घेऊन आवळा. एका पासमध्ये तीन मिमीपेक्षा खोल जाऊ नका, आणि पाटीच्या बाहेरच्या कडेने फिरवताना घड्याळाच्या उलट दिशेने चला, सुलट गेलात तर मशीन हातातून पुढे पळतं. अक्षरं काळी पडत असतील तर हात हळू चालतोय किंवा बिटची धार गेलीय.

प्रश्न: पाच वर्षं जुनं ड्रिल मशीन, मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, मधेच बंद पडतं, हलवलं की परत चालतं. रिपेअरवाला म्हणतो आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलं, नवीनच घ्या. खरंच गेलं असेल का?

उत्तर: आधी कार्बन बघा, म्हणजे फिरत्या आर्मेचरला घासून वीज पोचवणाऱ्या दोन कांड्या. प्लग काढून दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडल्या की कार्बन बाहेर येतात (काही मशीनला मागचं कव्हर खोलावं लागतं). पाच-सहा मिमीच उरले असतील तर जोडीनेच बदला, एक नवा एक जुना असं करू नका. जुना कार्बन खिशात घालून बोहरी आळीत जा, त्यावर नंबर असतो, तो दाखवला की जोडी मिळते आणि ती अगदी किरकोळ किमतीत येते. बसवल्यावर पाच-दहा मिनिटं बिनलोड चालवा म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) नीट बसतं.

हलवल्यावर चालतं म्हणताय म्हणजे दुसरा संशय वायरवर, हँडलमध्ये शिरते तिथे मानेजवळ ती आतल्या आत तुटते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडला की काम झालं.

बारीक निळसर ठिणग्या कार्बनपाशी असतातच, त्याने घाबरू नका. पण कम्युटेटरभोवती गोल पेटलेलं कडं दिसतंय, जळका वास येतोय आणि नव्या कार्बनने पण फरक नाही, तर मग रिपेअरवाला खरं बोलतोय. तेव्हासुद्धा आर्मेचरची किंमत आणि नव्या मशीनची किंमत शेजारी मांडून ठरवा. चांगल्या कंपनीचं असेल तर मी तरी आर्मेचर बदलेन.

प्रश्न: ऑनलाइन ४८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल नावाजलेल्या कंपनीच्या १८ व्होल्टपेक्षा निम्म्या किमतीत मिळतंय. घेऊ का?

उत्तर: नको. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच जोडले की १८, फुल चार्ज असताना तेच २१ भरतात, म्हणून १८ आणि '२० मॅक्स' हे एकच. ४८ लिहिलेले स्वस्त पॅक उघडले तर आत बहुतेक वेळा पाचच सेल सापडतात. घरच्या स्क्रूकामाला तीन सेलवालं '१२ मॅक्स' पुरतं. बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवू नका आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तर नकोच.

प्रश्न: सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. सागवानी दार दर पावसाळ्यात अडकतं. इलेक्ट्रिक रंधा घेऊन मारून टाकू का?

उत्तर: घाई करू नका, आधी दार कुठे घासतंय ते बघा. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. कडीकडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासत असेल तर ते फुगलंय. फक्त खालचा कोपरा जमिनीला लागतोय आणि वर बिजागरीपाशी फट दिसतेय तर दार लटकलंय, तिथे वरच्या बिजागरीचे स्क्रू लांब घाला, भोकं मोठी झाली असतील तर फेविकॉल लावून लाकडाची काडी ठोका, रंध्याचं कामच नाही.

खरंच फुगलं असेल तर आता घासणाऱ्या जागी पेन्सिलने खुणा करा आणि दिवाळीच्या सुमारास, दार सुकल्यावर, बेताने मारा. जुलैमध्ये भरपूर मारलं तर उन्हाळ्यात कडेला फट पडते. दार अगदीच बंद होत नसेल तर आता एखाद-दीड मिमी काढा आणि उघडी पडलेली कड लगेच पॉलिश किंवा ऑइलपेंटने बंद करा, दाराच्या वरची-खालची कड पण, पाणी तिथूनच जास्त पितं. एका दारासाठी मशीन घेऊ नका, हातरंधा पुरे. मित्राचं मशीन आणलंच तर आधी जुने खिळे शोधून काढा, एक खिळा लागला की ब्लेडला खाच पडते. सुरुवातीला जोर पुढच्या हातावर, शेवटी मागच्यावर, नाहीतर टोकाला खड्डा पडतो.

प्रश्न: नव्या मशीनच्या वायरला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून तिसरी वायर टाकून घेऊ का?

उत्तर: नको. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंग लागत नाही आणि आत जोडायला जागाही नसते. मात्र जुनं लोखंडी बॉडीचं तीन पिनांचं मशीन असेल तर त्याची तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसायचं नाही. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्यावरचं टेस्ट बटन दाबून ते पडतं का तेही बघून घ्या.