काउंटडाउनचं घड्याळ मध्येच थांबलं म्हणजे उड्डाण रद्द झालं का?

नाही, लगेच टीव्ही बंद करू नका. आधी घड्याळ कुठे थांबलंय ते बघा. काही थांबे ठरवूनच ठेवलेले असतात. बोइंगचं स्टारलायनर हे अंतराळवीरांचं यान नेणाऱ्या अ‍ॅटलस-५ रॉकेटचं घड्याळ ४ मिनिटं बाकी असताना मुद्दाम थांबवतात, म्हणजे राहिलेल्या तपासण्या उरकता येतात. धास्ती घ्यायची ती त्यानंतरच्या थांब्याची.

१ जून २०२४ला तेच झालं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आत बसलेले, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजत आलेले, आणि ३ मिनिटं ५० सेकंदांवर संगणकाने आपणहून काउंटडाउन थांबवलं. रॉकेट ठणठणीत होतं! जमिनीवरच्या तीन संगणकांपैकी एक वेळेवर जागाच झाला नाही. त्याला वीज देणारा भाग बिघडलेला निघाला. बाकीचे दोन चालू होते ना, असं वाटेल. पण माणसं बसलेली असताना तिन्ही धड लागतात, आणि ते बरोबरच आहे.

मग पाच-दहा मिनिटं उशिरा का नाही सोडलं? अंतराळ स्थानक गाठायचं तर त्या दिवशी उड्डाणाला नेमका एकच क्षण होता. तो हुकला की संपलं. त्याआधी ६ मेचा प्रयत्नही रॉकेटच्या एका झडपेपायी रद्द झाला होता. शेवटी ५ जूनला आपल्या वेळेनुसार रात्री ८:२२ला यान उडालं.

थोडक्यात, निवेदक 'होल्ड' (घड्याळ थांबलं) म्हणाला तर बसून राहा, 'स्क्रब' (आजचं उड्डाण रद्द) म्हणाला तर जेवायला उठा.