एकच जंतू, दोन पोटं

प्रश्न : दुर्बिणीच्या तपासणीत माझ्या आणि धाकट्या भावाच्या, दोघांच्याही जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला. त्याला अल्सर, मला साधी जळजळही नाही. असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाव एक असलं तरी हे जंतू सगळे सारखे नसतात हो. काहींकडे ‘कॅगए’ नावाचं जनुक असतं. असा जंतू सुईसारख्या नळीतून आपलं प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतो; सूज वाढते, पेशींचं तंत्र बिघडतं. जपान-कोरियाकडचं या प्रथिनाचं रूप आणखी जहाल, तिथे जठराचा कर्करोगही जास्त. (त्याला तिथले खारवलेले मासेही कारण आहेतच म्हणा!) शिवाय जंतू पोटात गेला की अल्सर होतोच असंही नाही. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी हा जंतू चक्क पिऊन पाहिला, जठराला सूज आली, अल्सर नाही. भाऊ सिगारेट ओढतो का, अंगदुखीच्या गोळ्या खातो का? अल्सरला त्यांचाही हातभार लागतो, तेव्हा तेही विचारा. जंतू मारणाऱ्या औषधांचा कोर्स मात्र त्याने अर्धवट सोडू नये.