संतांकडे मध्यस्थी मागायची की विनंती करायची?

विचारणा अशी आहे की जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाबद्दल 'भाविकांनी अवशेषांची पूजा करून संताची मध्यस्थी मागितली' असं लिहितात ते बरोबर का, आणि 'शव' म्हणावं की 'अवशेष'.

पूजा साफ चूक. दर दहा वर्षांनी हेच वाचावं लागतं, 2024 च्या नोव्हेंबरात दर्शन सुरू झालं तेव्हाही तेच. कॅथलिक माणूस आराधना एकट्या देवाची करतो, संताला मान देतो आणि पेटीतल्या हाडांकडे तर काही मागतच नाही, मागणं असतं ते गोंयच्या सायबाकडे, म्हणजे खुद्द झेवियरकडे, आणि तेही एवढंच की तू देवाजवळ आहेस तर आमच्यासाठी शब्द टाक. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं 1563 सालीच हे लिहून ठेवलंय, अजून किती वर्षं हवीत?

'मध्यस्थी' चर्चच्या मराठी पुस्तकांतही असते, तरी मला ती मान्य नाही. मध्यस्थी भांडणात होते, दोन पक्ष फिसकटले की तिसरा मधे पडतो. इथे कुणाचं भांडण आहे? शिवाय पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, असं स्वच्छ म्हटलंय आणि मराठी बायबलात तिथे 'मध्यस्थ' हाच शब्द आहे, मग तोच संतांना कशाला लावायचा?

खरा शब्द रोजच्या मागण्यात आहे. 'नमान मरिये' या मरियामातेच्या प्रार्थनेत कोंकणीत शेवटी 'विनंती कर' म्हणतात, मराठीतही 'विनंती कर'च, आणि क्रुसाकडे लादीन, म्हणजे संतांची नावं घेत करायची सामूहिक प्रार्थना, म्हणताना लॅटिनमध्ये 'ओरा प्रो नोबिस' येतं त्याचाही अर्थ हाच.

आता ही विनंती आली कुठून? बरेच जाणकार ठोकून देतात की वि अधिक नम्, म्हणजे वाकणं. अजिबात नाही! मूळ संस्कृत विज्ञप्ती, प्राकृतात विण्णत्ति, मग विनती, विनंती. ज्ञ चा ण होतो, राज्ञीची राणी झाली तसा, आणि प्त चा त होतो, सप्तचे सात झाले तसा. नम् मधल्या एकट्या न पासून प्राकृतातला दुहेरी ण्ण कसा काढणार ते या मंडळींनी एकदा सांगावं. 'विनवणे' सुद्धा विज्ञापय् वरूनच आलंय. धातू ज्ञा, जाणणं, त्याचं प्रयोजक रूप म्हणजे कळवणं, कानावर घालणं. आणि गंमत बघा, वरून खाली येते ती आज्ञा, खालून वर जाते ती विज्ञप्ती, दोन्ही एकाच ज्ञा च्या लेकी. पेशवाईतल्या कागदांत वरच्याला लिहिताना 'विज्ञापना ऐसीजे' येतं ते उगाच नाही. संत आपल्यासाठी नेमकं हेच करतो, आपलं म्हणणं देवाच्या कानावर घालतो, देणारा तो नव्हे. म्हणून 'भाविकांनी सायबाला आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगितलं' असं लिहा, लांब झालं तरी चालेल.

राहिलं शव की अवशेष. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमधल्या चांदीच्या पेटीत जे आहे त्याला गोव्यात लोक शव म्हणतात, म्हणू देत. पण सायबाचा उजवा हात 1614 साली कोपरापासून काढून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे, त्याला शव कसं म्हणाल? तिथे अवशेषच.