आकाशात लेझर, दारात पोलीस : वकिलाची उत्तरे

गणपती जवळ आले की लेझर आणि विमानांबद्दल तीच तीच पत्रे येऊ लागतात. त्यांतले काही प्रश्न इथे एकत्र घेतो.

प्रश्न : जत्रेत मिळणाऱ्या हिरव्या लेझरचा झोत विमानापर्यंत खरंच पोहोचतो का?

पोहोचतो.

प्रश्न : रात्रीच्या अंधारात पोलीस नेमकी गच्ची कशी शोधतात?

वैमानिक झोताचा रंग, दिशा, वेळ आणि विमानाची उंची लगेच हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवतो. तिथून पोलिसांना निरोप जातो. मागून येणाऱ्या विमानालाही झोत दिसला असेल तर जागा आणखी नेमकी होते. पुढे सीसीटीव्ही, वॉचमन आणि मुलांनी हौसेने टाकलेले रील.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाने विमानावर लेझर मारला. पोलीस लेझर घेऊन गेले. शेजारी म्हणतात, अल्पवयीन आहे, काही होत नाही. फोनमधला व्हिडिओ तेवढा पुसा.

पुसू नका. पुरावा नाहीसा करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो तुमच्या अंगावर येईल. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, एवढे खरे. ‘काही होत नाही’ हे खोटे. असली कामे पाहणाऱ्या वकिलांना उद्याच भेटा.

प्रश्न : लेझरवाला म्हणतो, बंदीचा आदेश गेल्या वर्षीचा होता, तो संपला. मशीनवर ‘सेफ’ असेही छापले आहे. मंडळाने सुपारी द्यावी का?

देऊ नका. पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये विमानतळ परिसरात आकाशाकडे लेझर सोडायला मनाई केली होती. असा मनाई आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरता असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. हे व्यापारी त्याच फटीचा धंदा करतात. पण निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ बारा महिने लागू असते.

छापील ‘सेफ’वर तर मुळीच जाऊ नका. झोत पुढे जाताना पसरतो. हातातल्या साध्या लेझरचा ठिपकासुद्धा एक किलोमीटरवर साधारण मीटरभर रुंद होतो आणि काचेवर पडला की सगळी काच उजळून निघते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढे काही क्षण धावपट्टीच उरत नाही, आणि विमान तर उतरत असते. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी हवाई दलाची आहे. तिथे प्रवासी विमानांबरोबर लढाऊ विमानेही उतरतात. मिरवणुकीतला एक झोत वर गेला तर पोलीस आधी अध्यक्षांना बोलावतील, कारण बिल मंडळाच्या नावावर असते. तरीही रोषणाई हवीच असेल तर पोलीस ठाण्यात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

प्रश्न : बहीण वैमानिक आहे. झोत डोळ्यात गेल्यापासून दोन दिवस डोळा दुखतोय.

दोन दिवस थांबलात कशाला? आजच नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. कागद जपा, तपासात लागतील.

प्रश्न : पोलिसांची नोटीस आली आहे. विसर्जनानंतर गेलो तर चालेल?

नाही. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल तर दिलेल्या तारखेला हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही. गैरहजर राहून तुम्हीच अटकेला कारण द्याल. तारीख उलटून गेली असेल तर नोटिशीची प्रत घेऊन आजच वकील गाठा.