पोक्त म्हणजे म्हातारा नव्हे

प्रश्न असा आलाय: ‘सासूबाई माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला “फार पोक्त आहे हो पोर” म्हणतात. पोक्त तर वयस्कर माणसाला म्हणतात ना? मग हे कौतुक की टोमणा?’

पोक्त म्हणजे वयस्कर, हे कोणी पसरवलं कोण जाणे. मागे एका लग्नात माइकवरून पुकारा झाला, ‘पोक्त मंडळींनी पुढच्या रांगेत बसावं.’ तिथे जाऊन बसलेल्या एका आजोबांनी तासाभरात पंगतीत मठ्ठा पातळ आहे म्हणून वधुपित्याशी भांडण उकरून काढलं. वय अठ्ठ्याहत्तर, पोक्तपणा शून्य.

समंजस, विचारी, अनुभवी हे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील. खरी गंमत शब्दाच्या पोटात आहे. पोक्त आला फारसी ‘पुख्ता’वरून, आणि पुख्ता म्हणजे शिजलेला. पोक्त माणूस म्हणजे चुलीवरून उतरलेला माणूस! आपण अननुभवी पोराला ‘अजून कच्चा आहे’ म्हणतो, ते याच स्वयंपाकघरातलं.

शाळेत मला पोक्त हा संस्कृत ‘प्रोक्त’चा अपभ्रंश म्हणून शिकवला होता. प्रोक्त म्हणजे सांगितलेलं, म्हणून ज्याचं सांगणं ऐकावं तो पोक्त. ऐकायला झकास, पण मराठीत ‘पोख्त’ असंही रूप आहे. प्रोक्तातून तो ‘ख’ कुठून काढणार? संस्कृतचा शिक्का बसल्याशिवाय शब्दाला इज्जत नाही असं मानणाऱ्यांची ही करामत.

दुसरे भाषाशुद्धीवाले. फारसी नको म्हणून ते ‘परिपक्व’ लिहायला सांगतात. आता बघा, फारसी पुख्ता आणि संस्कृत पक्व ही सख्खी चुलत भावंडं, दोघांचं मूळ शिजवण्याच्या एकाच प्राचीन धातूत. संस्कृतात तो ‘पच्’. पुढच्या दाराने पोक्तला हाकललं आणि मागच्या दाराने त्याच्याच भावाला पाट मांडला! पक्का, पिकणे, पचणे, पक्वान्न, साखरेचा पाक, खुद्द ‘स्वयंपाक’, सगळे त्याच घरचे.

हे घराणं युरोपातही पसरलंय. ग्रीकमध्ये त्याचा पचनाशी संबंध राहिला, त्यातून ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे अपचन आणि त्यावरून 1898 साली पेप्सीचं नाव. पोक्त आजोबा आणि फ्रिजमधली पेप्सी एका चुलीवरची! लॅटिनमध्ये ‘वेळेआधी पिकलेलं’ अशा अर्थाचा एक शब्द झाला. लवकर पिकतं म्हणून एका फळाला तो चिकटला, आणि अरबी वळसा घालून इंग्रजीत ‘अ‍ॅप्रिकॉट’ झाला, म्हणजे आपला जर्दाळू. वयाच्या मानाने फार पुढे असलेल्या मुलांसाठी इंग्रजीत ‘प्रिकोशस’ म्हणतात, तोही तिथलाच.

हल्ली मराठी बातम्यांत ‘पुख्ता पुरावे’ ऐकू येतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. तोच शब्द शतकांपूर्वी आपण घेतला, घासूनपुसून पोक्त केला, आणि आता हिंदीतून पुन्हा उष्टा घेतोय. ‘भक्कम’ काय वाईट आहे?

आणि ‘मुरलेला’ पोक्तच्या जागी वापरू नका. लोणचं मुरतं, राजकारणी मुरतो, दोन्हींत थोडा खार असतो. गावातला तंटा दोन्ही बाजूंचं ऐकून मिटवणारी बाई पोक्त. त्याच तंट्यावर दोन्हीकडून जेवणं झोडणारा तो मुरलेला.

हां, तुमची मुलगी. नुसतं ‘पोक्त आहे’ म्हटलं असेल तर कौतुकच. मात्र ‘अकाली पोक्त’ म्हणत असतील तर त्यात थोडी हळहळ आहे. धाकट्या भावाने खेळणं मोडलं तरी न रडता तुकडे गोळा करून ठेवणाऱ्या पोरीला आमची आजी तसं म्हणायची, आणि लगेच तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून तिला खेळायला पिटाळायची.