एकाच घरातले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह

रक्तदान शिबिरात रक्त दिल्यानंतर रक्तपेढीतून बोलावणे येते, 'एचबीएसएजी रिॲक्टिव्ह', म्हणजे रक्तात यकृताला बाधणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूचा अंश सापडला, असे सांगितले जाते आणि धडधाकट माणूस खचून जातो. 'माझे लिव्हर गेले का? घरच्यांनाही लागण झाली असेल का?' हे प्रश्न मी समुपदेशनात नेहमी ऐकते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, सोलापुरातील एका यंत्रमाग कामगाराच्या घरचा अनुभव येथे मांडते.

त्यांनी आपले ताट-तांब्या वेगळे केले होते आणि आठ वर्षांच्या मुलाला जवळ घेणेही सोडले होते. हा विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एकत्र जेवल्याने किंवा लेकराला कुशीत घेतल्याने जात नाही. दाढीचे ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र स्वतःचेच वापरावे.

एचबीएसएजी सापडले म्हणजे विषाणू सध्या शरीरात आहे, एवढेच कळते. यकृताला किती इजा झाली, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी एसजीपीटी (यकृताच्या पेशींना होणारी इजा दाखवणारी रक्ततपासणी), एचबीव्ही डीएनए (रक्तातील विषाणूंचे प्रमाण), सोनोग्राफी अशा तपासण्या एकत्र पाहाव्या लागतात. सहा महिन्यांनंतरही त्यांचे एचबीएसएजी रिॲक्टिव्हच आले, म्हणजे संसर्ग दीर्घकालीन ठरला. परंतु एसजीपीटी सामान्य आणि विषाणूंचे प्रमाण अत्यल्प असल्याने डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू न करता नियमित तपासणी ठरवून दिली.

खरा गोंधळ उडाला तो घरच्यांच्या रिपोर्टांवरून. मुलाच्या कागदावर 'अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह' एवढेच वाचून त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिच्यासमोरच त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हटले, "ताई, हे संरक्षण आहे. बाळपणी दिलेल्या लसीमुळे तयार झालेले." या तपासणीत १० किंवा त्याहून अधिक आकडा संरक्षक मानतात. स्वतःच्या रिपोर्टमध्ये एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (आता किंवा पूर्वी संसर्ग झाल्याची खूण) आणि अँटी-एचबीएस ही तिन्ही निगेटिव्ह पाहून ती निर्धास्त झाली होती. वास्तविक त्या घरात तातडीने लस घेण्याची गरज तिलाच होती, कारण तिला लागण झालेली नव्हती आणि संरक्षणही नव्हते. तिला त्याच आठवड्यात पहिला डोस मिळाला. पुढचे डोस पहिल्यापासून एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे होते.

सासूबाईंचे अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, पण एचबीएसएजी निगेटिव्ह होते. त्यांना पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन तो आपोआप बरा झाला होता, त्यामुळे लसीची गरज उरली नव्हती. तरीही तो रिपोर्ट जपून ठेवण्यास मी सांगितले, कारण पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली, तर हा विषाणू पुन्हा सक्रिय होऊ शकतो आणि डॉक्टरांना ही माहिती आधी मिळालेली असणे आवश्यक असते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, हे ऐकल्यावर मुलाच्या वडिलांनी पुढच्या तपासणीची तारीख स्वतःहून विचारून घेतली.